जाकिटावरचे डाग

नातीचं जाकीट खऱ्या चामड्याचं आहे. वैमानिक घालतात तसं, गळ्याला लोकरीची कॉलर आणि कमरेला पट्टी. परवा स्कूटीवर ती अवकाळी पावसात सापडली. घरी आली तेव्हा जाकिटाच्या पाठीवर थेंबाथेंबांचे डाग उमटले होते, कडेला गडद रेघ असलेले. ती हेअर ड्रायर घेऊन बसली, तशी मी ओरडले, "ठेव ते खाली! चामडं भाजतं का कुनी?"

"आजी, तुले काय माहीत यातलं?"

मला यातलं किती माहीत आहे, हेच तर माझं दुखणं.

बाजेवर माझी मोठी जाऊ बसली होती. ऐंशी ओलांडली, पण नजर शाबूत. ती जाकिटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "असेच डाग पडले होते भाऊजींच्या जाकिटाले. म्या बाहीर ठेवलं होतं."

मी फडकं घेतलं आणि जाकीट टिपू लागले.

भाऊजी म्हणजे आमचा धाकटा दीर. हवाई दलात मेकॅनिक होता. कुणा वैमानिक साहेबानं बदलीवर जाताना त्याला आपलं जुनं जाकीट दिलं होतं. एका जानेवारीत तो सुट्टीवर आला. मलकापूरला मित्राकडे निघताना जावेला म्हणाला, "वहिनी, वास येऊन राह्यला याले, जरा हवेवर टाका." तिनं ते ओसरीच्या खुंटीला टांगलं आणि कापूस वेचणीला शेतात गेली.

आणि घरात राहिले मी. वय बावीस, अक्कल त्याच्या निम्मी. ते जाकीट पिशवीत कोंबून मी बसनं जळगाव जामोद गाठलं आणि फोटो स्टुडिओत जाऊन उभी राहिले. लुगड्यावर जाकीट, कॉलर ताठ, हात खिशात. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." ताई हसली नाही. ताईला वाटत होतं, रुबाब हसला की जातो.

परतताना स्टँडवरून घरी येईपर्यंत अवकाळी पावसानं झोडपलं. जाकीट पिशवीतच ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण महाराणीनं जाकीट अंगात घातलं होतं. गावातल्या कुत्र्यांनी तरी पाहावं म्हणून.

घरी कुणी नव्हतं. आतली खोली वेचलेल्या कापसानं छातीएवढी भरलेली. मला वाटलं, कापूस पाणी ओढतो, तर याचंही ओढेल. झालं, जाकीट कापसात खोल पुरलं आणि साळसूदपणे पोळ्या लाटायला बसले. जाऊ भिजून आली, ती चुलीशीच बसली. जाकिटाची आठवण तिला झाली नाही. मला झाली, पण मी तोंड उघडलं नाही.

पहाटे उकरून काढलं तर मेंढीचं पिल्लू निघावं तसं ते पांढरं. कापूस काढता काढता नखं दुखली. खाली डाग तसेच. मग ओल्या फडक्यानं नेमके डागच तेवढे घासले, तर प्रत्येकाभोवती नवी रेघ उमटली. शेवटी सरकीचं तेल चोळलं. पाठ काळी पडली, तरी डागांच्या रेघा दिसतच होत्या. मग मी ते गुपचूप पुन्हा त्याच खुंटीला टांगलं.

सकाळी जाऊ ओसरीवर आली आणि कपाळावर हात मारून बसली. "अवं माय, हे रातभर बाहीरच राह्यलं! ओसरीत पाणी येतं, मले समजू नये?"

मी पीठ चाळत होते. चाळतच राहिले.

भाऊजी मलकापूरहून परत आला. जाकीट घडी करून पेटीत ठेवलं, पुन्हा घातलं नाही. त्यानंतर तो जेव्हा जेव्हा सुट्टीवर आला, तेव्हा जावेनं त्याच्या ताटात डावभर जास्त तूप वाढलं. पुढं मलकापूरच्या एका चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारून मी उपायही शिकून आले, पण घरी सांगितला नाही. सांगितला असता तर कसा कळला तेही सांगावं लागलं असतं.

तो उपाय परवा कामी आला. नातीला म्हटलं, "डाग नाही पुसायचे. शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्खी पाठ सारखी ओली कर, म्हणजे रेघच राहत नाही. बाह्यांत कागद भर, रुंद हँगरवर सावलीत वाळू दे. मग चामड्याचं क्रीम. अन् पावसाच्या आधी मेण लाव, नंतर रडू नको."

जाऊ ऐकत होती. म्हणाली, "म्या माफी मागितली होती त्याची. शेवटी, तो दवाखान्यात होता तवा."

मला हे माहीत नव्हतं.

"काय म्हणे तो?"

"म्हणे, वहिनी, तुमच्यापेक्षा जाकीट मोठं हाय का. अन् हात धरला माह्या."

मी उठले. ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूच्या घडीतून फोटो काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. मी पाऊस, कापूस, तेल, सगळं सांगून टाकलं.

"हे तवाच काऊन नाई सांगितलं?"

"भेव वाटे, बाई."

"तो जिवंत होता तवाही?"

मी शालूची घडी पुन्हा घालू लागले.

"तूप तू वाढाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. मग फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "अन् शोभत तं बिलकुल नाई तुले. जाकीट उभं हाय नुसतं, वर कुंकू लावलेलं." नात खुदकन हसली. जाऊ हसली नाही. "फ्रेम कर याची. बैठकीत लाव. जो इचारीन, त्याले समदं सांगजो."

नातीच्या जाकिटावर आता डाग शोधून सापडत नाही. फोटो बैठकीत, दारासमोर आहे. काल दूधवाल्यानं विचारलं, "हे कोन हो, आजी?" सांगितलं. स्टुडिओ, पाऊस, तेल, खुंटी. माफी कुणी मागितली, तेही. तो बिचारा किटली धरून उभा.

आतून जावेचा आवाज आला, "कापसाचं राह्यलं सांगायचं."