चहाचा डाग

त्या सकाळी आम्ही दोघांनी गोधडी पिळली. एक टोक माझ्या हातात, एक जमनाच्या. "वढा ना जोरमा! भाकर नही खादी का?" ती नेहमीसारखी म्हणाली. पिळून झाल्यावर डागाची बाजू भिंतीकडे करून तिने गोधडी दोरीवर टाकली. आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम ते.

जमना माझी बायको. तापीकाठच्या आमच्या गावात डाग काढावा तर तिनेच. केळीच्या चिकाने काळे पडलेले सदरे बाया तिच्याकडे आणायच्या. चीक पुरता जायचा नाही, पण सदरा लग्नात घालण्याजोगा व्हायचा. लिंबू, मीठ, खायचा सोडा आणि ऊन, एवढीच तिची दवा. रक्ताच्या डागावर कोणी गरम पाणी ओतलं की वसकन ओरडायची, "थंडं पानी ले वं! गरममा डाग शिजी जास." उशिरा आणला तर म्हणायची, "ताजा डाग आयकस, वाळेल डाग आयकत नही."

दोन वर्षं झाली, झोपेत माझी लघवी सुटते. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. सून नवापूरची, स्वभावाने चांगली. पण तिला कळू नये म्हणून जमना पहाटे उठून आदल्या दिवशीचा उरलेला काळा चहा त्या ओल्या जागेवर ओतायची. गावाचे डाग काढणारी बाई घरात आपल्या हाताने डाग पाडायची. असं कर, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. नको असंही कधी म्हणालो नाही.

त्याच सकाळी दोरीवरची गोधडी बघून सून म्हणाली, "आई, परत चहा सांडना? कप धरता येत नही का तुमले?"

"हात थरथर कापस वं बेटा," जमना म्हणाली.

मी गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. पण माझी चोरी झाकायला मी वरून बोललो, "म्हातारीले भानच नही."

जमनाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर सोयऱ्यांनी भरलेलं, आणि माझं अंथरूण ओलं. शेजाऱ्यांनी आणलेला चहा किटलीत उरला होता. माझा हात किटलीपर्यंत गेला, खोटं कशाला सांगू. मग गोधडी उचलली आणि सगळ्यांच्या समोरून अंगणातल्या धुण्याच्या दगडावर नेली.

सून धावत आली. "बाबा, ऱ्हाऊ द्या, मी धुस. चहा सांडना का?"

"नही. मी मुतनू. पहिले बी मीच. तिना हातमाईन कधीच काही सांडनं नही."

थंड पाणी ओतलं, सोडा चोळला. पिळायला दुसरं टोक कोणाला धरू दिलं नाही. तशीच टपटपती गोधडी दोरीवर टाकली, डागाची बाजू रस्त्याकडे करून.