मोक्षधामाचा रुंद रस्ता

परिषदेची बैठक चहा यायच्या आधीच संपली, तेव्हाच मला शंका आली.

मुलांनो, तुम्ही विचारलं होतं की अकाउंटंट म्हणून आजी नेमकं काय करायची. एक प्रसंग सांगते. जागा सौसर-पांढुर्णा भागातली एक लहान नगर परिषद. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी सौसरहून रोज बसने जायची. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता.

कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आम्हाला मदतनिधी आला. हा पैसा वन-टाइम होता, म्हणजे एकदाच येणारा. त्यातून कोणाला पगार द्यायचा नाही, कारण पुढच्या वर्षी तो कुठून देणार? एकदाच बांधून होईल आणि लोकांच्या कामी येईल असं काहीतरी करायचं. ते मार्चअखेरपर्यंत. मार्चमध्ये वर्क ऑर्डर निघाली नाही तर पैसा लॅप्स, म्हणजे परत.

अशा पैशावर पार्षद, म्हणजे नगरसेवक, तुटून पडतात. एकाला वॉर्डात स्वागतद्वार हवं असतं, दुसऱ्याला बगीचा, तिसऱ्याला जिम. त्या दिवशी मात्र उपयंत्री कळंबे यांनी प्रस्ताव वाचला, "मोक्षधामात शेड आणि पोहोच मार्ग," आणि सगळ्यांचे हात वर गेले. उपयंत्री म्हणजे सब-इंजिनिअर. कामाचं एस्टिमेट तो बनवतो आणि मोजमापही तोच घेतो.

मी अध्यक्ष नत्थूभाऊंना विचारलं, "आज कोणी भांडलं कसं नाही?"

नत्थूभाऊ संत्र्याचे व्यापारी. ते हसले. "मॅडम, स्वागतद्वारावर नावाची पाटी लागते. मसणात कोणाले आपलं नाव पाह्यजे? पाटी नाही तं भांडण नाही."

उत्तर बरोबर होतं. तरी मला पटलं नाही. बरोबर उत्तर इतक्या तयारीने आलं की मी जास्त सावध होते.

शेडची गरज खरी होती, हे आधी सांगते. आमच्या मोक्षधामात उघडे ओटे होते. कळंबेंची आई त्या लाटेत गेली, तेव्हा अवकाळी पाऊस पडत होता. चौघांनी ताडपत्री धरली आणि चिता पेटवली. ताडपत्री जळायला लागली तसे ते मागे सरकले, आणि चिता विझली. पुन्हा पेटवावी लागली. हे कळंबेंनी मला ऑफिसमध्ये एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर त्यांच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

एस्टिमेट माझ्या टेबलावर आलं. शेडचं पान ठीक होतं. रस्त्याच्या पानावर मी अडकले. रुंदी आणि जाडी दोन्ही जास्त होत्या. शेवटी "गाडी वळवण्याची जागा" असं कलम होतं, आणि ती जागा मोक्षधामाच्या फाटकाच्या बरीच पुढे होती.

"कळंबे, एवढा रुंद रस्ता कशाला?"

"शववाहिनी येईन मॅडम. लाकडाचा ट्रॅक्टर येईन."

"मग वळायची जागा फाटकाजवळ का नाही?"

"जागा नाही तिथं. तुमी येऊन पाहा ना."

त्यांना वाटलं नसावं की मी खरंच जाईन. सीएमओ, म्हणजे आमचे मुख्य अधिकारी, यांनी मला आधीच बजावलं होतं. "मॅडम, ऑब्जेक्शन लावलं तं फाइल वर जाईन. वरून येईपर्यंत मार्च निघून जाईन. मग ना रस्ता, ना शेड."

हे खरं होतं. माझ्या एका शेऱ्याने पैसा परत गेला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोणीतरी ताडपत्री धरून उभं राहिलं असतं. म्हणून शेरा लिहिण्याआधी मी रविवारी तिकडे गेले.

फाटकाजवळ जागा भरपूर होती. पुढे पायवाट जात होती आणि ती थेट एका संत्र्याच्या बगीच्याला लागत होती. मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या, संत्र्यांची तोड सुरू होती. बायका डोक्यावर क्रेट घेऊन वाट तुडवत मोठ्या रस्त्याकडे चालल्या होत्या, कारण ट्रक तिथेच उभा होता.

इथे आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. आपल्याकडे संत्रा झाडावरच विकतात. व्यापारी बगीचा फिरून पाहतो आणि नजरेनेच अंदाज बांधून भाव बोलतो. पण फळ पाहण्याआधी तो विचारतो, ट्रक कुठवर येतो? ट्रक बांधापर्यंत येत नसेल तर माल वाहायची मजुरी तो भावातून कापतो. बगीच्याला रस्ता झाला की एकही झाड न लावता त्याची किंमत वाढते. माझ्या माहेरी बगीचा होता, म्हणून मला हे ठाऊक.

मला वाटलं, नत्थूभाऊ सापडले. तोड करणाऱ्या मुकादमाला मी विचारलं, "दादा, बगीचा कोणाचा? अध्यक्षांचा का?"

"नाही जी. कळंबे सायबाच्या सासऱ्याचा."

तोच पुढे म्हणाला, "बाया लय थकून राहिल्या, बाई. पण सायेब सांगून राहिले, औंदाच्याच वर्षी डोक्यावर वाहा, पुढच्या वर्षी ट्रक आतच येते."

सोमवारी मी कळंबेंना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बगीचा सासऱ्यांचा आहे, हे सांगितलं नाही तुम्ही."

"तुमी इचारलं नाही."

"रुंदी विचारली होती."

ते खुर्चीत बसले. "मॅडम, माही माय कशी जळली ते तुमाले माहीत आहे. शेड मी खोटी मागून राहिलो का?"

"शेड खरी आहे. मी रस्त्याचं बोलते आहे."

"नुसत्या शेडले ठेकेदार तरी येते का? रस्ता असला तं येते. म्हणून जोडला."

"ठेकेदारासाठी फाटकापर्यंतचा रस्ता पुरे होता. पुढचा कोणासाठी?"

कळंबेंनी एस्टिमेट स्वतःकडे ओढून रस्त्याचं पान उघडलं.

ऑब्जेक्शन लावायचं तर शेड बुडत होती. सही करायची तर सरकारी पैशाने सासऱ्यांचा भाव वाढत होता. मी ठराव पुन्हा वाचला. त्यात फक्त "पोहोच मार्ग" असं होतं, लांबी लिहिलेली नव्हती. म्हणजे एस्टिमेट बदललं तरी पुन्हा बैठक घ्यायची गरज नव्हती.

"तुम्ही स्वतः सुधारित एस्टिमेट द्या," मी म्हटलं. "रस्ता फाटकापर्यंत, शववाहिनीपुरता रुंद. वाचेल त्यात आणखी एक ओटा आणि लाकडं कोरडी ठेवायला खोली. आज दिलं तर मी आजच पुढे पाठवते."

"सासरे घरात घेणार नाही मले."

"माझं नाव सांगा. म्हणा, अकाउंटंट बाई खडूस आहे."

"ते त्याहीले माहीत आहे," कळंबे म्हणाले आणि उठले.

संध्याकाळच्या आत नवं एस्टिमेट आलं. मी ते सीएमओंकडून पास करून घेतलं आणि अध्यक्षांच्या सहीसाठी घेऊन गेले. नत्थूभाऊंनी शेडचं पान उलटलं. रस्त्याच्या पानावर थांबले.

"म्हणजे ट्रक नाही जात आता आत?"

ट्रकचा शब्द त्यांच्यासमोर कोणीही काढलेला नव्हता. एस्टिमेटमध्येही तो नव्हता.

"कोणता ट्रक, अध्यक्षजी?"

त्यांनी खिशातून पेन काढलं. "काही नाही. सही कुठं करू?"

त्यांनी त्या बगीच्याच्या पुढच्या बहाराचा सौदा आधीच बोलून ठेवला होता का, हे मी शोधलं नाही. तो त्यांचा खाजगी व्यवहार. आमच्या पैशाने तो ट्रक आत जाणार नव्हता, माझं काम तेवढंच होतं.

वर्क ऑर्डर वेळेत निघाली. पावसाळ्याआधी शेड झाली. ठेकेदारही आला, नुसत्या फाटकापर्यंतच्या रस्त्यावर. मोजमाप कळंबेंनीच घेतलं. मी ते स्वतः जाऊन तपासलं. इंचाचाही फरक नव्हता. पहिल्याच पावसात तिथे एका म्हाताऱ्या शिक्षकांचा अंत्यविधी झाला आणि चिता एकदाच पेटवावी लागली. माझ्या निवृत्तीपर्यंत कळंबे माझ्याशी कामापुरतंच बोलले. निरोप समारंभात त्यांनी हार घातला, भाषण केलं नाही.

या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. ज्याचं दुःख खरं असतं, त्याची मापं तपासायची आपल्याला लाज वाटते. लाज वाटू द्यावी, आणि मापं तपासावीत.