पत्ता वापरायचा नाही

टोरांटोजवळच्या व्हिटबीतल्या आमच्या वाचनगटाने यंदा ब्राझीलच्या कादंबऱ्या धरल्या आहेत. आम्ही सहा जणी, महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जमतो, इंग्रजी अनुवाद वाचतो. या नव्या कादंबऱ्यांतलं मला पटतं ते हे, की विषमतेवर कुणी भाषण झोडत नाही. मालकांच्या लिफ्टने कोण जातं आणि सामानाच्या लिफ्टने कोण, एवढंच लेखक सांगतो. या खेपेच्या पुस्तकात कामवाली वीस वर्षं एका इमारतीत राहते, पण रहिवाशांच्या यादीत तिचं नावच नाही.

बैठक माझ्याकडे होती. तासभर नुसती हळहळ.

"आपल्याकडे असं नाही, ते बरं," एक म्हणाली.

"आपल्याकडे म्हणजे? तुझ्या माहेरी?"

"इथे गं, कॅनडात. इथे कसं, सगळे सारखे."

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्याचं दार वाजलं. आमची भाडेकरू, जळगावची मुलगी, वर्क परमिटवर आहे, गोदामात खोकी उचलते. उजव्या मनगटाला पट्टा.

"काकू, उद्या हेल्थ कार्डासाठी जायचंय. मी इथे राहते असं पत्र द्याल?"

"पत्ता वापरायचा नाही, असं ठरलं होतं ना?" मी सवयीने म्हणाले. बेसमेंट भाड्याने द्यायचं तर नगरपालिकेत नोंदवावं लागतं. आम्ही नोंदवलेलं नाही. आमच्या ओळखीत बहुतेकांनी नाही, आणि भाडेकरूंना अट सगळीकडे हीच.

"हो काकू. पण कार्डाशिवाय मनगट कुठे दाखवू? महिना झाला."

खोलीत सगळ्यांनी एकदम पुस्तकं चाळायला घेतली. 'सगळे सारखे'वाली माझ्या कानाशी आली. "पत्रबित्र देऊ नकोस हं. एका घरी इन्स्पेक्टर आला की गल्लीभर फिरतो. माझ्याकडे खाली दोघी आहेत."

मला तिचा संताप आला. आणि ठरलेलं वाक्य माझ्याच तोंडून आधी निघालं होतं, त्याचा जास्त. कागद घेतला.

"कधीपासून राहतेस लिहू? सहा महिने?"

"दीड वर्ष झालं, काकू."

दीड वर्ष लिहिलं, सही केली, फोन नंबर घातला. पाच मिनिटांचं काम. पुस्तकावरची चर्चा तिथेच आटोपली. सगळ्यांना अचानक ग्रोसरी आठवली.

मंगळवारी मी नोंदणीचा अर्ज भरला. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून खालची खिडकी मोठी करावी लागेल म्हणतात. नवरा धुसफुसतोय. मलाही हे झेंगट नकोच होतं, पण आता इन्स्पेक्टर गुरुवारी येतोय.