अबोल्याला पहिला नंबर

शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजने आनंदाचा अभ्यास नावाचा एक विषय काढला. बाकावर बसून आनंद शिकता येत नाही असं तो शिकवणाऱ्या मॅडमचं ठाम मत होतं, म्हणून शनिवारी त्या आम्हाला बाहेर न्यायच्या. एकदा बाळकुमला, त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या बागेत, प्रत्येक पाऊल मन लावून टाकायला लावलं. सगळा वर्ग मान खाली घालून इतका हळू चाललेला बघून वॉचमन आला, काय हरवलंय, सोन्याचं आहे का, असं विचारून तोही शोधायला लागला. मॅडमनी त्याचं कौतुक केलं. आमच्यापेक्षा त्याचं लक्ष जास्त होतं म्हणे.

मला या विषयात काडीची गती नव्हती. डोळे मिटले की मला भूक लागते. माझी मैत्रीण मात्र तयारीची. तिच्या घरी रोज बुद्धवंदना, रविवारी विहारात ध्यान. ती बसल्या बसल्या शांत व्हायची आणि मी एक डोळा उघडून तिच्याकडे बघत राहायचे. ती मोहन्याची, मी शहाडची. तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो आणि एकाच डब्यात जेवलो, म्हणजे तिच्या. ती भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. माझ्या डब्यात आईने दिलेली दुधीची भाजी असायची, तिला दोघीही हात लावत नसू.

परीक्षेच्या आधी मी नोट्स काढायला झेरॉक्सवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, मैत्रीण हैदराबादला चालली ना, पार्टी कधी? तिला नोकरी लागली होती. पत्राच्या प्रती काढताना तिने त्याला सांगितलं होतं आणि मला नाही. मी त्याच दिवशी अबोला धरला. ती कसली ऐकतेय, तिनेही धरला. परीक्षा संपली की ती जाणार, आणि असं चाललं तर न बोलताच जाणार, हे मला कळत होतं. भीती पोटात आणि नाक वर, अशी मी आठवडाभर फिरले.

शेवटची सहल मोहन्याजवळ, उल्हास नदीच्या काठावर होती. मॅडम टाळी वाजवेपर्यंत मौन पाळायचं होतं. बाकीच्यांची पार वाट लागली. कोणाला हसू फुटलं, कोणाला मुंगी चावली. आम्ही दोघी शेजारी शेजारी, तोंडातून चकार शब्द नाही. मॅडम गहिवरल्या. मौन असं असतं, या दोघींकडे बघा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आयतं कौतुक कोणाला नको असतं? मी चेहरा आणखी शांत केला.

मग त्यांनी आम्हाला नमुना म्हणून समोरासमोर बसवलं आणि डबे बदलायला लावले. आयुष्यातला पहिला घास असल्यासारखं सावकाश खायचं होतं. मी तिचा डबा उघडला. सुकटीची चटणी होती आणि दोन भाकऱ्या होत्या. तिला एकच लागते. दुसरी नेहमी माझी असायची. म्हणजे तोंड फिरवून बसणारी ही पोरगी रोज माझी भाकरी घेऊन येत होती. मला भयंकर रडू यायला लागलं. समोर ती माझी दुधी अतिशय मन लावून चावत होती.

शेवटी मीच बोलले.

"मीठ जास्त झालंय."

"तुला खा कोण म्हणालं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. आमचा पहिला नंबर गेला.

"मला का नाही सांगितलंस?"

ती डब्यात बघत राहिली. "झेरॉक्सवाल्याला सांगून काय होतं गं? काहीच नाही. तुला सांगितलं असतं तर खरंच जायला लागलं असतं."

मी नाक पुसलं, दुसरी भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली. ती तिने घेतली. दुधीचा डबा मात्र न बघता माझ्याकडे सरकवला.