पाच, पाच आणि निकमबाई

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाचा मी निवडणूक अधिकारी काय झालो, वर्षभरात किस्स्यांचा ढीग लागला. आता कोणाकडे चहाला निघालो की बायको दारातच बजावते, "मंडळाचं काढू नका, लोकांचा चहा गार होतो." तरी निघतंच. राग आहे तोवर निघणार.

मंडळ म्हणजे एक हॉल, मागे एक खोली आणि दोन पॅनेल. एक सायंटिस्ट लोकांचं, त्याचे म्होरके डॉ. वझे. दुसरं बँकवाल्यांचं, त्याचे साळुंखे. शिवाय निकमबाई, अपक्ष. आलमबागच्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या. मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी त्या आपल्या पोरांना मराठी शिकवतात. तो वर्ग बंद पडू नये, एवढ्याचसाठी उभ्या राहिल्या. आईबाप मराठीत हाक मारतात आणि पोरं "आ रहे हैं" म्हणतात, अशी ती चौदा पोरं.

निकाल लागला. कमिटी अकरा जणांची. पाच, पाच आणि निकमबाई.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंखे बाईंच्या दारात, दशहरी आंब्यांची पेटी घेऊन. "ताई, मलिहाबादहून खास तुमच्यासाठी." अर्ध्या तासाने डॉ. वझे. तेही पेटी घेऊन. बाग एकच, पेटीवरचा शिक्काही एकच.

बाई म्हणाल्या, "आंबे राहू द्या. रविवारची खोली लिहून द्या."

दोघांनीही लिहून दिलं. वझ्यांनी तर लेटरहेडवर, खाली सही ठोकून. बाईंनी दोन्ही कागद फाइलला लावले, दोन्ही पेट्या वर्गातल्या पोरांना वाटल्या आणि विचार करून सांगते म्हणाल्या.

साळुंखे मला भेटले तेव्हा खुशीत होते. "बाई साध्या आहेत यार. खोलीवर भागलं."

*

बाईंचा विचार होईपर्यंत पाच आणि पाच एकत्र आले. एकमेकांच्या घरच्या लग्नालाही न जाणारी माणसं, पण म्हणे मंडळाच्या हितासाठी! सहा महिने साळुंखे अध्यक्ष, सहा महिने वझे. विरोधी पक्षात एकट्या निकमबाई.

पहिला ठराव, अध्यक्षांना ऑफिस पाहिजे. मागच्या खोलीत एसी बसला आणि वर्ग व्हरांड्यात आला.

बाईंनी मीटिंगमध्ये ते दोन्ही कागद मोठ्याने वाचले. वझे शांतपणे म्हणाले, "ताई, ते आश्वासन पॅनेलचं होतं. ही युती आहे."

दहा माना डोलल्या. मला संताप आला होता, पण निवडणूक अधिकाऱ्याचं काम निकालाबरोबर संपतं, असं स्वतःला सांगून मी घरी गेलो. त्या उकाड्यात पोरं चौदाची अकरा झाली.

*

सहा महिने संपले. साळुंखे खुर्ची सोडायला तयार नाहीत. म्हणे, "सहा महिने एसी बसला त्या दिवसापासून मोजायचे."

वझ्यांनी पाठिंबा काढला. काढून बघतात तो त्यांचेच दोन मेंबर गायब. साळुंख्यांनी त्यांना सरोजिनी नगरला आपल्या मेव्हण्याच्या घरी नेऊन ठेवलं होतं. दुपारी त्यातल्या एकाचा मला फोन.

"काका, एक विचारायचं होतं. मी फुटलोय की मला पळवलंय? घरी काय सांगू?"

"जेवलात का?"

"हो. बिर्याणी होती."

"मग फुटलात."

इकडे थंडी पडली होती, व्हरांड्यात धुकं शिरत होतं. पोरं आठ उरली.

*

शेवटी वैतागून सगळ्या सभासदांनी मिळून कमिटी बरखास्त केली. वझे म्हणाले, "दोष माणसांचा नाही, पद्धतीचा आहे." आणि सुधारणा आणली.

अध्यक्ष आता थेट सगळ्या सभासदांनी निवडायचा. प्रत्येक नावापुढे आकडा लिहायचा. लहान आकडा म्हणजे वरची पसंती. आकडा कुठलाही असो, एकही मत बाद करायचं नाही. यावर त्यांनी चाळीस स्लाइड दाखवल्या. दहाव्या स्लाइडनंतर हॉलमधल्या सगळ्यांचं लक्ष समोशांकडे होतं. ठराव एकमताने पास झाला.

उमेदवार तीन. वझे, साळुंखे, निकमबाई. बाईंचं म्हणणं तेच, अध्यक्ष झाले तर खोली पोरांची. पुन्हा अधिकारी मीच, आणि या वेळी मनातून खूश. लोकांना साळुंख्यांचा वीट आला होता. बाई येणार हे उघड होतं.

*

रविवारी दुपारी मतपेटी उघडली. पहिली चिठ्ठी. निकमबाई दहा, वझे तीन, साळुंखे शून्य. मला वाटलं, कोणीतरी चेष्टा केलीय. दुसरी चिठ्ठी. नऊ, चार, शून्य.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमचे निम्मे सभासद प्रोफेसर, त्यांच्या बायका शिक्षिका. जन्मभर पेपर तपासलेले. नाव दिसलं, पुढे रिकामी चौकट दिसली, हातात पेन होतं. सरळ मार्क देऊन मोकळे झाले, दहापैकी.

मी मोजणी थांबवली. "अहो, हे मार्क आहेत, पसंती नाही."

साळुंखे म्हणाले, "नियम वाचा."

वझ्यांनी स्वतः लिहिलेला नियम स्वतःच वाचला, हळू आवाजात. लहान आकडा, वरची पसंती, एकही मत बाद नाही.

ज्यांना साळुंखे हवे होते त्यांनी साळुंख्यांनी पढवल्याप्रमाणे एक लिहिला होता. ज्यांना नको होते त्यांनी शून्य. दोन्हीकडून तेच निवडून आले. निकालावर सही मी केली. तिची लाज मला अजून वाटते.

बाई व्हरांड्यात फळा पुसत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फडकं झटकलं.

"अहो, मी पण मार्कच दिले. साळुंख्यांना दोन दिले, भेटले की नमस्कार करतात म्हणून."

"आणि स्वतःला?"

"सात," बाई म्हणाल्या. "पोरांची जोडाक्षरं राहिलीत ना."