एकदा काढलेला नट
अर्जदार: मी, कोहका गावचा अर्जनवीस. साक्षीदार: टेबलावरचा हा लॉकनट, ज्याला हात लागताच तो दिवस आठवतो. विमान दुरुस्ती करणाऱ्या एका मेकॅनिकने वापरलेला लॉकनट विमानाला पुन्हा लावण्यास नकार दिला, म्हणून त्याला त्याच्या साहेबांची नोटीस आली होती. तिचे उत्तर मी लिहीत होतो. हा नट त्याने दाखवायला आणलेला. "काकाजी, एकदा काढला का याची पकड जाते. माफी कावून लिहून राहिले? माही चूक नाही न!" "अर्जात शेवटी माफी लागतेच. कायदा तुले समजते का मले?" असे दटावून मी सवयीने लिहिले, 'चूक झाली, क्षमा असावी.' साहेबांनी तीच कबुली धरली आणि त्याची नोकरी गेली. आज तेच वाक्य प्रथमच स्वतःसाठी लिहितो: चूक झाली, क्षमा असावी. त्या मेकॅनिकने उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.