गल्लीचा लाकडी बैल

नागपूरच्या महाल भागात माझी मोठी बहीण राहते त्या गल्लीत एक गोष्ट अजून सांगितली जाते. माझ्या भाऊजींनी गल्लीचा बैल एका हॉटेलाला विकला, ही ती गोष्ट. ती खोटी आहे. ती मी जन्माला घातली आणि भाऊजी गेल्यानंतरही तिला जगू दिलं. म्हणून हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा चित्रकला शिकवत होतो. शहरात एक मोठं हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या भिंतींवर, दालनात काय असावं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईहून आलेले वास्तुरचनाकार म्हणाले, पाहुणा आत शिरला की तो नागपुरात आहे हे त्याला कळलं पाहिजे. मी झपाटल्यासारखा फिरलो. कन्हान नदीच्या वाळूची चित्रं काढून घेतली, रामटेकच्या गडाची काढून घेतली. पवनीकडून कोशाचं रेशमी कापड आणून जिन्याच्या भिंतीवर ताणलं. पण दालनाच्या मधोमध काय ठेवायचं, ते सुचत नव्हतं. काम आवडलं तर त्यांच्या पुढच्या हॉटेलांचंही मलाच देऊ, असं ते म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी झोपत होतो आणि उठत होतो.

मग मला भाऊजींचा बैल आठवला.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात. घरातली बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं. भाऊजींच्या आजोबांनी सागवानाचा एक बैल घडवला होता, माणसाच्या छातीएवढा उंच. खूर आणि खालचा पाटा एकाच ओंडक्यातून कोरलेले, पाट्याला चार चाकं. वर्षभर तो भाऊजींच्या ओसरीत उभा असे, पण त्या दिवशी तो गल्लीचा असे. तो पुढे, पोरांचे छोटे बैल मागे.

मी भाऊजींकडे तो मागितला, उद्घाटनापुरता. गल्लीतल्या कुणालाही विचारलं नाही. ओसरी त्यांची, म्हणजे बैल त्यांचा, असं मी धरून चाललो.

"तान्ह्या पोळ्याले पाहिजे बरं, मास्तर," भाऊजी म्हणाले. मला ते मास्तरच म्हणायचे, लाडानं आणि थोडं टोचूनही.

"त्याच्या आत आणून देतो, भाऊजी."

दालनात बैल फार शोभला. वास्तुरचनाकारांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चाकांमुळे खेळणं वाटतंय. दगडी चौथऱ्यातून उगवल्यासारखा हवा." दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. सुतारानं मला विचारलं, "घोट्यातून कापू काय साहेब? चाकं नुसती काढून पाट्यासकट बसवला तरी बसते."

तसं केलं असतं तर पाटा दिसला असता. मी म्हणालो, "काप."

घोट्यावर करवत चालली. पायांत लोखंडी गज घालून तो चौथऱ्यात सिमेंटनं पक्का केला. खाली उरलेला पाटा, त्यावरचे चार खूर आणि चार चाकं मी पोत्यात गुंडाळून घरी आणली. का आणली, ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर मी बहिणीकडे जाणं टाळलं. पोळ्याच्या दिवशी दुपारी मी हॉटेलात असताना फाटकावरून निरोप आला, कुणी हातठेला घेऊन आलंय. बाहेर भाऊजी उभे होते, सोबत गल्लीतले दोघे. ठेल्यावर गादी अंथरली होती, बैलाला ओरखडा पडू नये म्हणून. मी एकट्या भाऊजींना आत नेलं.

ते बैलाजवळ गेले, पाठीवरून हात फिरवला, मग खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पाय कुठं गेले याचे?"

मी त्यांचा दंड धरून त्यांना उठवू लागलो.

"मी तुले विचारून राहिलो. काहून कापले गा? उद्या बाया पाणी कशावर घालतील?"

पलीकडे मॅनेजर कुणाशी तरी बोलत होता. माझी नजर त्याच्याकडे होती. "भाऊजी, हळू. माझं सगळं यावर आहे. ताईला सांगू नका, पाया पडतो."

ते बाहेर आले, मी मागोमाग. ठेल्याजवळच्या एकानं विचारलं, "काय झालं? आणायचा नाही काय?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगण्याची संधी त्यांनी आधी मला दिली. आणि मी म्हणालो, "भाऊजींनी बैल हॉटेललाच दिलाय. कायमचा."

"दिला म्हणजे? विकला म्हणा न सीधा!" दुसरा म्हणाला. "गल्लीचा बैल विकला, अन् आमाले ठेला ओढाले आणलं!"

भाऊजींनी खाली पाहिलं आणि गादीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी पोरांचे बैल त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेले. ताई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती, हे मला नंतर कळलं. तिनं नवऱ्याला विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दिला." पुढे गल्लीच्या कुठल्याही कामात त्यांचं मत कुणी विचारलं नाही. मला पुढची हॉटेलं मिळाली. त्या पहिल्या हॉटेलाचं नूतनीकरण झालं तेव्हा बैल कुठे गेला, कुणाला माहीत नाही. भाऊजींनी मला मास्तर म्हणणं सोडलं. माझं नाव घेऊन बोलायचे, पाहुण्याशी बोलावं तसं.

या वर्षी तान्ह्या पोळ्याला गल्लीनं मला बक्षिसं द्यायला बोलावलं. मोठा चित्रकार म्हणून. मी ऑटोत ते पोतं घातलं आणि गेलो. पोरांसमोर माइकवर कुणीतरी सांगत होतं, आपल्या गल्लीचाही एक मोठा बैल होता, पण घरच्यांनीच विकला. ताई पुढच्या खुर्चीत बसली होती, मान खाली घालून. इतक्या वर्षांत तिला या वाक्याची सवय झाली असावी.

मी पोतं तिच्यासमोर सोडलं. पाटा, चार खूर, चार चाकं. तिला झालं ते सांगितलं.

ती खुरांकडे पाहत राहिली. "मग यायनं मले काहून नाही सांगितलं?"

"मीच सांगू नका म्हटलं होतं."

तिनं डोळे पुसले नाहीत, मला शिव्याही दिल्या नाहीत. हातातली काठी माइककडे केली.

"मले काय सांगतोस? मी तर घरातली. तिथं जाऊन सांग, सगळ्याइले ऐकू येईल असं."

मी गेलो. माइक हातात घेऊन हळू आवाजात सांगू लागलो, आणि मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "जोरानं बोला, ऐकू येऊन नाही राहिलं!" मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.